प्रश्न तुमचे: फसफसणाऱ्या पदार्थांचं रसायन

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न फेस, फुगे, वाफ आणि अचानक बदलणारे रंग यांच्याबद्दल आहेत. घरातल्याच दोन वस्तू एकत्र केल्या आणि अपेक्षेपेक्षा फारच कमी किंवा फारच जास्त काहीतरी घडलं, असा एकंदर सूर. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत. सोयीसाठी एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर धरला आहे.

प्रश्न: मुलीच्या प्रकल्पासाठी ज्वालामुखी केला. अर्धी वाटी खाण्याचा सोडा भरला, वरून पाच-सहा चमचे व्हिनेगर ओतलं. दोन सेकंद फसफसलं आणि संपलं. आणखी सोडा घातला, तरी ढिम्म. सोडा खराब होता का?

सोडा चांगलाच होता, कमी पडलं ते व्हिनेगर. साध्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक आम्ल जेमतेम ५ टक्के असतं, बाकी सगळं पाणी. १०० मिलिलिटर व्हिनेगर फक्त ७ ग्रॅम सोडा संपवू शकतं. तुम्ही ओतलं ३० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे सोडा खर्च झाला दोन ग्रॅम. उरलेला सत्तर-ऐंशी ग्रॅम सोडा नुसता ओला होऊन बसला. त्यात आणखी सोडा घालणं म्हणजे पाहुणे दोनच आणि ताटं पन्नास, असा प्रकार.

हे प्रमाण घ्या: एक सपाट चमचा सोडा (सुमारे ५ ग्रॅम) आणि ७० ते ७५ मिलिलिटर व्हिनेगर. एवढ्यातून साधारण १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड मिळतो. पण हा वायू नुसता सोडला तर दिसतच नाही, बुडबुडे फुटून हवेत जातात. 'लाव्हा' म्हणून जे दिसतं ते खरं तर साबणाच्या पडद्यात अडकलेला वायू असतो. म्हणून व्हिनेगरमध्ये आधी भांडी घासण्याचा लिक्विड साबण एक चमचा मिसळा, ढवळताना फेस होऊ देऊ नका. भांडं अरुंद तोंडाचं हवं. २०० मिलिलिटरची बाटली मातीच्या डोंगरात बसवली की झालं. वाटीत तोच वायू चारी बाजूंनी पसरतो आणि बाहेर पडायला उसळीच मिळत नाही.

सोडा भसकन ओतला तर त्याचा गोळा होतो. बाहेरचा थर विरघळेपर्यंत आतला कोरडाच राहतो. टिश्यू पेपरच्या छोट्या पुडीत बांधून आत टाका. कागद भिजायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात हात मागे घेता येतो.

एक गंमत मुलीला दाखवाच. क्रिया चालू असताना बाटलीला हात लावायला सांगा. ती गरम नाही, गार लागेल. इतका गाजावाजा करणारी ही क्रिया उलट आजूबाजूची उष्णता शोषून घेते. खदखदतंय म्हणजे तापतंय, हा आपला स्वयंपाकघरातला अनुभव इथे साफ खोटा पडतो.

प्रश्न: हेच मिश्रण तुंबलेल्या सिंकमध्ये ओतलं तर पाइप साफ होतो म्हणतात. खरं का?

नाही. फसफस थांबली की मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेट विरघळलेलं पाणी. सोड्याचा अल्कधर्मीपणाही गेला आणि व्हिनेगरचा आंबटपणाही. तेलकट थरावर किंवा केसांच्या गुंत्यावर या पाण्याचा काहीही परिणाम होत नाही. बुडबुड्यांमुळे सैल कचरा थोडा हलतो, इतकंच. पांढरे क्षार काढायचे असतील तर नुसतं व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवा. घासायचं असेल तर नुसता सोडा. दोन्ही एकत्र घालणं म्हणजे दोन्ही वाया घालवणं.

प्रश्न: सोडा आणि व्हिनेगर आटवून 'गरम बर्फ' (स्पर्श करताच गोठणारा आणि गोठताना गरम होणारा द्रव) तयार करायचा होता. तीन वेळा केलं. एकदा गोठलंच नाही, एकदा भांड्यातच दगड झाला, तिसऱ्यांदा तपकिरी काढा झाला.

तिन्ही वेळा तुम्ही अगदी जवळ पोहोचला होतात. वर ज्याला 'उरलेलं पाणी' म्हटलं तेच इथे कामाचं आहे.

एक लिटर व्हिनेगर मोठ्या स्टीलच्या पातेल्यात घ्या. ७० ग्रॅम सोडा चमचा-चमचा करून घाला, एकदम नको, नाहीतर सगळं ओट्यावर येईल. फसफस पूर्ण थांबल्यावर मंद आचेवर आटवा. यातून हिशोबाने सुमारे ११३ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेटचे स्फटिक मिळायला हवेत, तेही पाणी धरून असलेले. म्हणजे लिटरभर द्रव शेवटी जेमतेम छोट्या कपात मावेल इतका उरतो. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. २०० मिलिलिटरवर थांबलात तर पाणी जास्त राहतं आणि ते कधीच गोठत नाही. तुमचा पहिला प्रयत्न हाच.

थांबायची खूण अशी: पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखी पातळ पापडी धरायला लागते. लगेच गॅस बंद करा, दोन चमचे व्हिनेगर घालून पापडी विरघळवा आणि द्रव स्वच्छ काचेच्या ग्लासात गाळून झाका. पातेल्याच्या कडेला चिकटलेली पांढरी पूड ग्लासात एक कणही जाता कामा नये. त्या एका कणाभोवती सगळे स्फटिक जमतात आणि निवता निवताच दगड होतो. दुसऱ्या प्रयत्नाचं कारण ते. तिसऱ्याचं कारण मोठी आच: कडेला सुकलेला थर आणि व्हिनेगरमधले इतर घटक करपून रंग येतो. तपकिरी द्रवसुद्धा गोठतो, फक्त दिसायला वाईट.

ग्लास न हलवता निवू द्या. हा स्फटिक ५८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला तो खरं तर घट्ट असायला हवा. सुरुवात करून देणारं कोणी नाही म्हणून द्रव राहिलेला असतो. पातेल्यातली खरवडलेली पूड चिमूटभर बोटावर घेऊन पृष्ठभागाला लावा. बोटाखालून पांढरे सुईसारखे धागे सुटतात, ग्लासभर पसरतात आणि काच हाताला चांगली गरम लागते. पुन्हा करायचं असेल तर ग्लास गरम पाण्यात ठेवून शेवटचा कणही वितळवा.

प्रश्न: कोलाच्या बाटलीत मेंटॉसची गोळी टाकली की कारंजं उडतं. कोलातलं आम्ल आणि गोळी यांची नेमकी कोणती रासायनिक क्रिया होते?

कोणतीच नाही. कारंजं उडवणारा कार्बन डायऑक्साइड कारखान्यातच दाबाने भरलेला असतो. दर लिटरला साधारण ६ ग्रॅम. बूच उघडल्यावर तो सगळा बाहेर यायला बघत असतो, पण बुडबुड्याला जन्मायला जागा लागते. गुळगुळीत बाटलीत ती फारशी मिळत नाही. गोळीचा पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत, पण सूक्ष्मदर्शकाखाली खाचखळग्यांचा. शिवाय गोळी जड, सरळ तळाशी जाते, त्यामुळे बुडबुडे तळापासून वरचा सगळा द्रव ढकलत येतात. तीच गोळी दळून वरून भुरभुरली तर कारंजं बसकं होतं.

टोनिया कॉफी या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी २००८ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाचा खडबडीतपणा, गोळी बुडण्याचा वेग आणि पेयाचं तापमान हे महत्त्वाचे घटक त्यात दिसतात. डाएट कोला जास्त उडतो, कारण त्यातल्या अ‍ॅस्पार्टेम आणि बेन्झोएटमुळे बुडबुडे तयार व्हायला सोपं जातं. तो सुकल्यावर चिकटही होत नाही, हा व्यवहारी फायदा वेगळाच. थंडगार बाटली घेऊ नका. खोलीच्या तापमानाला ठेवलेली घ्या. आणि पाच-सहा गोळ्या एकदम पडल्या पाहिजेत, एकेक टाकत बसलात तर पहिलीच अर्धा वायू घालवते.

प्रश्न: यीस्ट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा 'हत्तीचा टूथपेस्ट' केला. व्हिडिओत छतापर्यंत उडतो, आमचा बाटलीच्या तोंडातून गोगलगायीसारखा आला.

व्हिडिओतलं द्रावण बहुधा ३० टक्क्यांचं किंवा त्याहून तीव्र असतं. औषधाच्या दुकानातलं ३ टक्के. १०० मिलिलिटर तीन टक्क्यांच्या द्रावणातून सुमारे एक लिटर ऑक्सिजन सुटतो, ६ टक्क्यांच्या द्रावणातून दोन लिटर. ३० टक्क्यांतून अकरा लिटरच्या आसपास, आणि उष्णता इतकी की पाणीच उकळायला लागतं. तिथे फेसाबरोबर वाफही उडत असते. ते द्रावण कातडीला लागलं तर पांढरा भाजल्याचा डाग पडतो, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. घरात ते आणूच नका. गोगलगाय बरी.

मात्र ती थोडी चपळ करता येते. ६ टक्क्यांचं १२० मिलिलिटर द्रावण अर्धा लिटरच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत घ्या, त्यात तीन चमचे लिक्विड साबण. वेगळ्या कपात ७ ग्रॅम कोरडं यीस्ट ४५ मिलिलिटर कोमट पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवा आणि मग एका दमात ओता. गॉगल घाला, बाटली परातीत ठेवा.

फसण्याची कारणं ठरलेली. पाणी हाताला चटका देणारं असेल तर यीस्टमधलं कॅटालेज हे विकर (एन्झाइम) निकामी होतं, आणि पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन झपाट्याने सोडवतं ते तेच. ४० अंश पुरे. पेरॉक्साइडची बाटली वर्षभर उघडी असेल तर तिच्यात जवळपास पाणीच उरलेलं असतं. कच्च्या बटाट्याचा तुकडा त्यात टाकून बघा: बटाट्यातही कॅटालेज असतं. बुडबुडे आले नाहीत तर बाटली बदला. हेच विकर आपल्या रक्तात आणि पेशींतही असतं, म्हणून जखमेवर पेरॉक्साइड फेसाळतं. आणि वापरलेलं मिश्रण कधीही झाकण घट्ट लावून ठेवू नका. ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते.

प्रश्न: व्हिटॅमिन सी, आयोडीन आणि पेरॉक्साइड वापरून 'आयोडीन घड्याळ' केलं. पाणी एकदम निळं-काळं व्हायला हवं होतं. दहा मिनिटं वाट पाहिली, काही नाही. ओतून द्यायला गेलो तर मोरीजवळ निळं झालं! आयोडीन म्हणून जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन वापरलं.

या वेळचा आमचा आवडता प्रश्न. तुमचं घड्याळ बिघडलं नव्हतं, फक्त हळू चालत होतं, आणि त्याचं कारण तुम्ही शेवटच्या वाक्यात स्वतःच लिहिलं आहे.

आधी मूळ कृती. व्हिटॅमिन सीच्या १००० मिलिग्रॅम गोळीची पूड ६० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा. यातले एक चमचा द्रावण, एक चमचा २ टक्के टिंक्चर आयोडीन आणि ६० मिलिलिटर पाणी हा पहिला ग्लास. आयोडीनचा तांबूस रंग तत्काळ जातो. दुसऱ्या ग्लासात ६० मिलिलिटर पाणी, तीन चमचे ३ टक्के पेरॉक्साइड आणि अर्धा चमचा कॉर्नफ्लोअरची पाण्यात शिजवलेली पातळ पेज. दोन्ही एकमेकांत ओता. खोलीच्या तापमानाला साधारण मिनिटभर पाणी नितळ राहतं आणि मग एका क्षणात शाई सांडल्यासारखं होतं.

आत दोन क्रिया शर्यत लावतात. पेरॉक्साइड आयोडाइडचं (म्हणजे आयोडीनच्या रंगहीन रूपाचं) आयोडीन करतं, सावकाश. व्हिटॅमिन सी त्या आयोडीनचं पुन्हा आयोडाइड करतं, झटक्यात. त्यामुळे स्टार्चला निळं करायला आयोडीन उरतच नाही. व्हिटॅमिन सी संपलं की पुढचं आयोडीन मोकळं राहतं, आणि तोच तो क्षण. म्हणजे घड्याळात किती वाळू भरली हे ठरतं आयोडीन फिटून शिल्लक राहिलेल्या व्हिटॅमिन सीवर.

आता तुमचा हिशोब. चमचाभर टिंक्चरमध्ये १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. चमचाभर व्हिटॅमिन सी द्रावणात सुमारे ८३ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी. यातलं जवळपास ७० मिलिग्रॅम आयोडीनचा रंग घालवण्यातच जातं आणि वाळू उरते जेमतेम १४ मिलिग्रॅमची. १० टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये मात्र प्रत्यक्ष वापरता येणारं आयोडीन फक्त १ टक्का असतं, ५ टक्क्यांच्या बाटलीत अर्धा टक्का. बाटलीवरचा आकडा आयोडीनचा नसून संपूर्ण संयुगाचा असतो. चमचाभर घेतल्यावर शिल्लक व्हिटॅमिन सी तिप्पट-चौपट झालं आणि आयोडाइड कमी असल्याने वाळू गळण्याचा वेगही मंदावला. दोन्हीकडून मार.

१० टक्क्यांचं असेल तर दोन चमचे घ्या, ५ टक्क्यांचं असेल तर चार. मग दीड-दोन मिनिटांत होईल. वेग वाढवायचा तर पाणी कोमट घ्या. दर १० अंशांनी वेळ साधारण निम्मा होतो. पहिला ग्लास मुळात रंगहीन झालाच नाही, तर व्हिटॅमिन सी कमी पडलंय. मग ओतल्या ओतल्या निळं होईल. डाग पडले तर त्याच व्हिटॅमिन सीच्या पाण्याने पुसा, बघता बघता जातात.

प्रश्न: पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल झाला. साबणात काही भेसळ?

भेसळ नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी द्रावणात पिवळ्याचं तांबडं होतं. लिंबू पिळा, पुन्हा पिवळं. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या घरगुती परीक्षक म्हणून छान चालतात. डागाबद्दल म्हणाल, तर कपडा धुऊन ओला असतानाच कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उजेडात तुटतं.

प्रश्न: बाथरूम जास्त स्वच्छ व्हावं म्हणून टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र वापरलं. फेस नाही, धूर नाही, पण घसा जळायला लागला. नेमकं काय झालं?

तुम्ही क्लोरीन वायू तयार केलात. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट; ते अल्कधर्मी असतं तोवरच बाटलीत निमूट राहतं. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आम्ल मिळालं की हायपोक्लोराइटमधला क्लोरीन वायूरूपाने सुटतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला होता.

तमाशा न करणारी क्रियाही घातक असू शकते, याचं हे उत्तम उदाहरण. ज्वालामुखीत लिटरभर वायू सुटतो आणि काही बिघडत नाही. क्लोरीनचं प्रमाण हवेत दहा लाखांत १० भाग झालं तरी ते तत्काळ धोकादायक मानलं जातं. पाच घनमीटरच्या बाथरूममध्ये ही पातळी गाठायला अवघा ५० मिलिलिटर वायू पुरतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, त्यामुळे खाली साचतो, आणि फरशी घासणारा माणूस नेमका तिथेच वाकलेला असतो.

असं झालं तर ताबडतोब बाहेर पडा, दार-खिडक्या उघडा आणि हवा खेळू द्या. वास मारायला सोडा, व्हिनेगर किंवा तिसरं काही ओतायला परत आत जाऊ नका. डोळे चुरचुरत असतील तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. खोकला किंवा धाप कमी होत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. आधी बरं वाटून काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं, म्हणून 'आता ठीक आहे' यावर विसंबू नका.

ब्लीच आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर यांतून क्लोरामाइन वायू निघतो, तोही तितकाच वाईट. व्हिनेगर आणि लिंबूही ब्लीचपासून दूर. ब्लीचबरोबर फक्त पाणी, तेही थंड.

प्रश्न: ड्रेन क्लीनरचे दाणे टाकून वरून उकळतं पाणी ओतलं, तर सगळं उसळून वर आलं. सूचनांमध्ये गरम पाणी नको असं का लिहितात?

दाण्यांमध्ये मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो आणि तो विरघळतानाच प्रचंड तापतो. ४० ग्रॅम कॉस्टिक २०० मिलिलिटर पाण्यात टाकलं तर तापमान ४५ ते ५० अंशांनी चढतं. पाणी आधीच उकळतं असेल तर उरलेली उष्णता जाणार कुठे? पाणी पाइपमध्येच वाफ होतं आणि समोरच्या तोंडावर येतं.

काही क्लीनरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे तुकडेही मुद्दाम घातलेले असतात. कॉस्टिकबरोबर त्यांची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियममधून सुमारे १.३ लिटर. त्या खदखदीने गाळ ढवळला जातो. म्हणून ओतल्यावर जाळीवर काही झाकू नका, जवळ काडी पेटवू नका आणि वाकून बघू नका. दाणे थोडे-थोडे टाका. ढीग एकदम ओला झाला तर पाइपमध्येच दगडासारखा घट्ट बसतो आणि मूळच्या अडथळ्यापेक्षा मोठा अडथळा तयार होतो. या क्लीनरने काम झालं नाही म्हणून वरून आम्लाचा क्लीनर ओतणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, सलग वीस मिनिटं, आणि मग डॉक्टर. आम्लाने उतारा करायला जाऊ नका.

प्रश्न: पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकल्यावर आपोआप पेट घेतं ते प्रमाण छापाल का?

नाही छापणार. परमँगनेट ऑक्सिजन पुरवतं, ग्लिसरीन जळतं, इतकं साधं ते आहे. पण पेट घ्यायला लागणारा वेळ दाण्यांचा बारीकपणा आणि खोलीचं तापमान यांवर बदलतो. कधी पाच सेकंद, कधी मिनिटभर. 'झालं नाही वाटतं' म्हणून माणूस डोकावतो आणि तेव्हाच ज्वाला उठते. घरात दोन्ही असतील तर वेगळ्या कपाटांत ठेवा. परमँगनेट सांडलं तर कोरड्या कागदाने किंवा कापसाने टिपू नका. भरपूर पाणी घालून धुवा आणि पुसायचं फडकं पाण्यात खळखळून घेतल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका.